विजयदुर्ग ते मालवण कयाकने जाताना हॅम रेडिओचा उपयोग कसा करावा?

आडबंदर यांचा प्रश्न :

सर्वांना नमस्कार. येत्या जानेवारीत आम्ही चौघे मित्र विजयदुर्गहून मालवणपर्यंत समुद्रातून कयाकने, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीने, जाणार आहोत. अंतर साधारण ६० किलोमीटर आहे आणि देवगड व आचरा येथे मुक्काम करून ते तीन दिवसांत पार करावे, असा बेत आहे. चौघांपैकी दोघांकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे. माझा रिस्ट्रिक्टेड, म्हणजे प्राथमिक ग्रेडचा आहे आणि तो गेल्याच वर्षी मिळाला, तर माझ्या मित्राकडे जनरल ग्रेडचा परवाना बऱ्याच वर्षांपासून आहे. किनाऱ्यावर थांबणाऱ्या माझ्या धाकट्या भावाकडेही परवाना आहे.

प्रश्न विचारण्याचे कारण गेल्या डिसेंबरात घडले. सराव म्हणून आम्ही कुणकेश्वर ते आचरा एवढाच टप्पा केला. भाऊ कुणकेश्वरच्या वाळूत हातातला संच घेऊन उभा होता आणि माझा पाच वॅटचा संच माझ्या लाईफ जॅकेटच्या खिशात होता. पहिला दीड तास आवाज अगदी स्वच्छ येत होता. पुढे मुणग्याच्या जवळ पोहोचलो, दुपारचा वारा वाढला, आणि ‘आम्ही ठीक आहोत, थोडा उशीर होईल’ एवढे सांगण्यासाठी मी चार वेळा हाक दिली; उत्तर आले नाही. त्यालाही आमच्याकडून काहीच ऐकू आले नाही. आम्ही सुखरूप होतो, पण ते त्याला कळायला मार्ग नव्हता. अखेर तो मोटरसायकलने आचऱ्याला आला आणि आम्ही किनाऱ्याला लागलो तेव्हा संच कानाशी धरून पाण्यात गुडघाभर उभा होता. घरी आईलाही त्याने फोन करून ठेवला होता. तो दिवस पुन्हा कोणावर येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्या मनात तीन गोष्टी आहेत. पाच वॅटऐवजी दहा वॅटचा संच घेतला तर हे अंतर पार होईल का? संध्याकाळी मुक्कामावरून एचएफवर, म्हणजे दूरवर पोहोचणाऱ्या लघुलहरींवर, पुण्याच्या मित्रांशी आणि जमल्यास परदेशाशी बोलता येईल का, आणि त्यासाठी कयाकमध्ये मावेल असा अँटेना कोणता? शेवटची गोष्ट अशी की माझा एक नातेवाईक परदेशातून उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे उपकरण आणून देतो म्हणत आहे. ते घ्यावे का?

सड्यावरून यांचे उत्तर :

आडबंदर, आपला भाऊ पाण्यात गुडघाभर उभा होता हे वाचून वाईट वाटले, कारण त्याने पाण्याकडे जाण्याऐवजी उलट दिशेला, वर सड्यावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उंच कातळी पठारावर जायला हवे होते. आपल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ एवढ्यातच आहे. तरीही गणित मांडतो, कारण ते एकदा समजले की संच विकत घेताना होणाऱ्या अनेक चुका टळतात.

दोन मीटरच्या पट्ट्यातील, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारणपणे दृष्टीच्या रेषेत जातात आणि समुद्रावर त्यांना पृथ्वीची गोलाई आडवी येते. अँटेना पाण्यापासून जितके मीटर उंच असेल त्या आकड्याचे वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणावे, म्हणजे त्या अँटेनाचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते; दोन्ही टोकांची क्षितिजे मिळवली की पोहोचण्याची मर्यादा कळते. कयाकमध्ये बसलेल्या माणसाच्या छातीवरचा अँटेना पाण्यापासून अर्धा मीटर वर धरला तर त्याचे क्षितिज २.९ किलोमीटर येते. वाळूत उभ्या माणसाच्या हातातला अँटेना दीड मीटरवर धरला तर ५ किलोमीटर. बेरीज झाली जेमतेम ८. कुणकेश्वर ते मुणगे हे अंतर त्याहून जास्त आहे. म्हणजे आपला संच बिघडलेला नव्हता आणि बॅटरीही कमी नव्हती. मध्ये समुद्राचा फुगवटा आला होता. त्यात दोन लाटांच्या मधल्या खळग्यात कयाक उतरली की अर्ध्या मीटरची ती उंचीही उरत नाही.

आता दहा वॅटचे पाहू. शक्ती दुप्पट केली की संकेत तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे समोरच्या संचाच्या मीटरवर अर्धी पायरी. क्षितिजापलीकडे गेलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही, उलट बॅटरी मात्र लवकर उतरते. त्याऐवजी भाऊ सड्यावर गेला आणि त्या सड्याची उंची ८० मीटर धरली, तर एकट्या त्याचेच क्षितिज ३७ किलोमीटर होते. आपण अँटेना पाण्यापासून एक मीटरवर आणला तर आपले ४ किलोमीटर त्यात मिळतात आणि मर्यादा ४१ किलोमीटरवर जाते. प्रत्यक्षात मी याच्या निम्म्यावर भरवसा ठेवतो, कारण मध्ये डोंगराची नाके येतात, माणसाचे ओले शरीर अँटेनाला लागून असते आणि संच नेहमी उभा धरला जातोच असे नाही. तरीसुद्धा निम्मे म्हणजे २० किलोमीटर, आणि आपल्या तिन्ही दिवसांतला कोणताही टप्पा त्याहून फारसा मोठा नाही. भावाने रोज टप्प्याच्या साधारण मध्यावर, समुद्र दोन्ही अंगांना दिसेल अशी सड्याची कड निवडावी. आदल्या आठवड्यात जाऊन प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून ठेवावी. नकाशावर मोकळी दिसणारी कड आंब्याच्या कलमांच्या बागेत दडलेली निघते, हा माझा देवगडचा अनुभव आहे.

अँटेनाबाबतही दोन शब्द. संचासोबत येणारा आखूड रबरी अँटेना सोयीसाठी केलेला असतो. १४५ मेगाहर्ट्झला पाव लहर म्हणजे सुमारे ४९ सेंटिमीटर, तेवढ्या लांबीचा लवचीक अँटेना लावला आणि संचाच्या धातूच्या अंगाला तेवढ्याच लांबीची एक तार खाली लोंबती सोडली, तर फरक कानाला जाणवतो. संच खिशातून काढून खांद्याच्या पट्ट्यावर, डोक्याच्या बाजूला बांधावा. पाण्यात पडलात तर मात्र एक लक्षात ठेवा : या कंपनसंख्येला खाऱ्या पाण्याच्या दोन सेंटिमीटर थरातच संकेताचा बराचसा जोर संपतो. अँटेना पाण्यात बुडालेला असताना बोलणे म्हणजे न बोलणेच. आधी कयाकच्या पाठीवर छाती टेकवावी, हात वर करावा, मग बटण दाबावे.

आणि वेळ ठरवा. दर अर्ध्या तासाला, समजा पूर्ण तासावर आणि अर्ध्या तासावर, भावाने दोन मिनिटे ऐकावे आणि आपण जागा, वारा व माणसांची संख्या एवढेच सांगावे. किती वेळा उत्तर चुकले की त्याने काय करायचे, हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून द्यावे. माझ्या मते दोन वेळा चुकले तर दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा हाक, आणि तिसऱ्यांदा चुकले तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक. त्या दिवशी आपल्या भावाला खरा त्रास झाला तो शांततेचा अर्थ कसा लावायचा हे ठरलेले नव्हते म्हणून.

वल्हेकरी यांचे उत्तर :

मी हॅम नाही, पण मालवणच्या पाण्यात बारा वर्षे कयाक चालवतो, म्हणून होडीच्या बाजूने लिहितो. वरचे गणित मला पटले. मात्र ज्या क्षणी बोलण्याची सर्वांत जास्त गरज असते, त्या क्षणी दोन्ही हात वल्ह्यावर असतात, हे रेडिओवाल्या मित्रांच्या सहसा ध्यानात येत नाही. आडव्या लाटेत एक हात सोडून खांद्यावरचे बटण दाबणे म्हणजे उलटण्याला आमंत्रण. म्हणून त्रास सुरू होण्याच्या आधी बोला. जानेवारीत सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो आणि पाणी शांत दिसते. त्याच्या भरवशावर माणूस नकळत बाहेर जातो. दुपारी बारा-एकच्या पुढे वायव्येचा वारा धरतो. तो धरण्यापूर्वी, साडेअकराच्या सुमारास एक मोठा, सविस्तर निरोप किनाऱ्याला द्यावा आणि पुढचा टप्पा करायचा की जवळच्या पुळणीला (वाळूच्या किनाऱ्याला) लागायचे, हे तेव्हाच ठरवावे. पूर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी वाऱ्याच्या समोर आले की लाटा उभ्या होतात. शक्य असेल तर भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते दिवस निवडा.

एक गोष्ट मी स्वतः भोगली आहे. हातातला संच मी कयाकच्या पुढच्या भागावर, होकायंत्राच्या शेजारी रबरी दोरीखाली खोचून ठेवत असे. एका धुकट सकाळी निवतीहून निघालो आणि होकायंत्र उत्तर दाखवत असताना सूर्याचा फिकट गोळा मात्र जिथे असायला हवा तिथे नव्हता. बराच वेळ मी सूर्यालाच खोटे ठरवत होतो. मग संच उचलून मांडीवर घेतला आणि सुई डोळ्यांदेखत पंधरा-वीस अंश फिरली. संचाच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असते. तेव्हापासून संच आणि होकायंत्र यांच्यामध्ये हातभर तरी अंतर ठेवतो. निघण्यापूर्वी जमिनीवरच हे करून पाहा : संच हळूहळू जवळ न्या आणि सुई कुठे हलू लागते तिथे खडूने खूण करा.

संचाला बांधलेली दोरी आखूड असावी, नाहीतर उलटल्यावर ती मानेला किंवा वल्ह्याला अडकते. मोबाईल जलरोधक पिशवीत अंगावर असावा. किनाऱ्याजवळ बहुतेक ठिकाणी तो लागतो आणि १५५४ व ११२ हे दोन्ही क्रमांक त्यावरून जोडता येतात. मासेमारी नौकांशी आणि तटरक्षक दलाशी थेट बोलायचे तर सागरी व्हीएचएफचा (नौकांसाठी राखलेल्या रेडिओचा) १६ क्रमांकाचा मार्ग (चॅनल), म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हाच खरा. हॅमचा संच किनाऱ्यावरच्या आपल्या माणसासाठी आहे, हे चौघांनाही माहीत असू द्या.

लघुलहर यांचे उत्तर :

संध्याकाळच्या एचएफबद्दल लिहितो, कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे आणि यात अनेकजण एकच अँटेना नेऊन निराश होतात.

पुणे आणि परदेश या दोन दिशांना दोन वेगळे अँटेना लागतात. समुद्राचे खारे पाणी हे साध्या जमिनीच्या सुमारे हजारपट चांगले विद्युतवाहक आहे. त्यामुळे पाण्याच्या अगदी कडेला उभी केलेली ताठ काठी (उभा अँटेना) संकेत क्षितिजालगत, अतिशय कमी कोनात बाहेर टाकते आणि तो संकेत एका उडीत हजारो किलोमीटर जातो. १४ मेगाहर्ट्झसाठी अशी काठी सुमारे ५ मीटर उंच लागते. मासेमारीच्या गळाची फायबरची घडीची काठी आणि तिला गुंडाळलेली तार एवढ्यात हा अँटेना होतो आणि ती काठी कयाकच्या मागच्या कप्प्यात सहज जाते. बुंध्याशी पाण्यात सोडायची तार लांब असण्याची गरज नाही, कारण १४ मेगाहर्ट्झचा प्रवाह खाऱ्या पाण्यात पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा खोल फारसा शिरतच नाही. हातभर तांब्याची पट्टी वरच्या थरात तरंगती राहिली तरी पुरे. मी स्वतः पाच वॅटवर, मोर्स संकेतांत, तारकर्लीच्या पुळणीवरून युरोपशी बोललो आहे आणि तेवढ्याच शक्तीवर पुण्याच्या गच्चीवरून तासन्‌तास हाका मारून रिकाम्या हाताने उठलो आहे.

पण हीच काठी पुण्याला उपयोगाची नाही. पुणे हवेतून अडीचशे-तीनशे किलोमीटरवर आहे. कमी कोनातला संकेत त्याच्या डोक्यावरून निघून जातो. जवळच्या माणसासाठी संकेत जवळजवळ सरळ वर टाकून आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, खाली आणावा लागतो आणि त्यासाठी ७ मेगाहर्ट्झची २० मीटर लांब तार जमिनीपासून जेमतेम तीन ते पाच मीटरवर, आडवी बांधावी. कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची बने आहेत. दोरीला ओला वाळूचा पुडा बांधून फांदीवर टाकला की काम झाले. संध्याकाळी सातच्या आसपास बोलणे उरकून घ्यावे. रात्र चढली की आयनांबर विरळ होते, जवळचे आवाज बुडतात आणि दूरचे येऊ लागतात. सकाळी सूर्य वर आल्यावर जवळचे पुन्हा उघडते.

काठी उभारताना ओहोटीचा विचार करा. सपाट पुळणीवर दोन-तीन तासांत पाणी तीस-चाळीस पावले मागे सरते, काठी कोरड्या वाळूत राहते आणि संकेत खाली बसतो. मी काठी पाण्याच्या मागे मागे नेत असतो. रात्री हे करताना डोक्यावरचा दिवा मंद ठेवा. तो हंगाम कासवांच्या अंडी घालण्याचा असतो.

संच कोणता न्यावा, यावर मी वाद घालणार नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ मध्ये बीटएक्स संचाचा आराखडा सर्वांसाठी खुला केला, त्याच घराण्यातला दहा वॅटचा मायक्रो बीटएक्स मी वापरतो. किनाऱ्यावर काही बिघडले तर डाग देऊन दुरुस्त करता येईल, अशी खात्री मला त्याच्याबद्दलच वाटते. मिठाची मात्र धास्ती बाळगा. दोन वर्षे वापरलेली एक केबल आवाज खरखरतो म्हणून मी कापून पाहिली, तर जोडापासून वीतभर आतपर्यंत तांब्याची वेणी काळी पडली होती आणि बोटाने चोळताच तिची भुकटी झाली. बाहेरून ती केबल नवी दिसत होती. आता प्रत्येक जोड रबरी टेपने बंद करतो आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतो.

आपल्यापैकी कोणाला बेटांवरून बोलण्याची आवड असेल तर ‘आयलंड्स ऑन द एअर’ हा १९६४ पासून चालत आलेला उपक्रम पाहा. त्याची मोठी स्पर्धा जुलैच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते, आणि तेव्हा आपल्याकडे समुद्र खवळलेला असतो व मासेमारीही बंद असते. तो मोह कोकणात तरी टाळावाच लागतो.

नियमावली यांचे उत्तर :

उपग्रहाच्या उपकरणाबद्दल स्पष्ट लिहितो : आणू नका आणि नातेवाइकांनाही आणू देऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी उपकरणे भारतात बाळगणे बेकायदा आहे, थुराया आणि इरिडियम या उपग्रह-जाळ्यांवर चालणाऱ्या संचांना मनाई आहे, आणि केवळ गिर्यारोहणासाठी किंवा भटकंतीसाठी असे उपकरण जवळ ठेवलेल्या प्रवाशांना आपल्याकडे विमानतळावर ताब्यात घेतले गेले आहे. परदेशात ते दुकानात सहज मिळते, त्यामुळे आणणाऱ्याला कल्पनाच नसते.

आपल्या गटातील परवाना नसलेल्या दोघांनी हॅमच्या पट्ट्यात बोलू नये, जवळ संच असला तरीही. कयाक ते कयाक बोलण्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त संच परवान्याशिवाय वापरता येतात. तेवढ्या अंतरासाठी ते पुरेसे आहेत. सागरी व्हीएचएफला वेगळा परवाना लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जीव धोक्यात असताना लक्ष वेधण्यासाठी हाती असेल ते साधन वापरण्यास आडकाठी नाही, पण त्यावर विसंबून आधीपासून हॅमचा संच सागरी मार्गांवर बोलेल असा बदलून ठेवणे हा वेगळा विषय आहे आणि तो मी कोणालाही सुचवणार नाही.

परवान्यावर आपल्या केंद्राचा पत्ता नोंदलेला असतो, म्हणून प्रवासाच्या तारखा आणि जागा आधी लेखी कळवून परवानगीचा कागद सोबत ठेवावा. वाटेवरच्या पोलीस ठाण्यांनाही परवान्याच्या प्रतीसह अर्ज द्यावा. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावर सुरक्षेचे भान वाढले आहे. सड्यावर अँटेना लावून समुद्राकडे पाहत बसलेला अनोळखी माणूस गावकऱ्यांच्या नजरेत येणारच आणि ते योग्यही आहे. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही किल्ले २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, तेव्हा तटबंदीवर तार बांधण्याचा विचारही करू नये.

आडबंदर यांचे उत्तर :

सर्वांचे मनापासून आभार. उपकरण आणू नये म्हणून नातेवाइकांना त्याच रात्री कळवले आणि दहा वॅटच्या संचाचा विचार सोडून दिला.

गेल्या रविवारी आम्ही तोच टप्पा पुन्हा केला. या वेळी भाऊ कुणकेश्वरच्या वरच्या सड्यावर, कलमांच्या कुंपणापलीकडच्या कातळावर बसला होता. गावच्या पोलीसपाटलांना आदल्या दिवशी भेटून आलो होतो. संच तोच पाच वॅटचा, फक्त अँटेना ४९ सेंटिमीटरचा आणि तो खांद्यावर. होकायंत्रापासून संच कुठवर दूर हवा, तिथे खडूची खूण केली. माझ्या कयाकवर ती खूण मला वाटत होते त्याहून बरीच मागे आली. मुणग्यासमोर, जिथे मागच्या वेळी चार हाका वाया गेल्या होत्या, तिथे पहिल्याच हाकेला भावाचे उत्तर आले आणि आचऱ्याच्या खाडीच्या मुखाशीही त्याचा आवाज थोड्या खरखरीसह ऐकू येत होता. साडेअकराचा निरोप आम्ही सविस्तर दिला.

आई हट्टाने भावासोबत सड्यावर गेली होती. तिच्याकडे परवाना नाही, म्हणून बोलणे भावाचे आणि वही तिची. घरी आल्यावर ती वही पाहिली. प्रत्येक अर्ध्या तासाची वेळ, जागा आणि ‘चौघे’ असे तिच्या वळणदार अक्षरात लिहिले होते. एक वाजताच्या ओळीत जागेचे नाव खोडून पुन्हा लिहिले होते, कारण वाऱ्यात मी ‘मुणगे’ नीट उच्चारले नव्हते आणि भावाने माझ्याकडून ते दोनदा वदवून घेतले होते. जानेवारीसाठी तिने नवी वही आणून ठेवली आहे.